अमेरिकेतली जुनी 'नॅशनल' नोट: किंमत नेमकी कशावर ठरते?

पिंपळपान
१८६३ ते १९३५ या काळात अमेरिकेत गावोगावच्या नॅशनल बँका स्वतःच्या नावाने नोटा काढत. छपाई सरकारच्या देखरेखीखाली, नक्षी सगळ्यांची एकच, पण नोटेवर बँकेचं नाव, गावाचं नाव आणि त्या बँकेच्या कॅशियर व प्रेसिडेंटच्या सह्या. जुन्या घरांच्या आवराआवरीत या नोटा अजून निघतात आणि तिकडे राहणारे मराठी लोक वरचेवर विचारतात, म्हणून हा धागा.

प्रश्न असा. दोन नोटा घ्या. दोन्ही १९२९ मालिकेच्या, दोन्ही १० डॉलरच्या, दोन्हींवर हॅमिल्टनचा चेहरा, दोन्ही सारख्याच मळलेल्या. एक सॅन फ्रान्सिस्कोच्या बँक ऑफ अमेरिकेची, दुसरी आयोवातल्या एखाद्या खेड्यातली. पहिली शंभर डॉलरच्या आत मिळते, दुसरी तिच्या दहापटीलाही जाऊ शकते. हा फरक मोजायचा कसा? पायऱ्या सांगा. आणि अशी नोट हाती आली तर पहिल्या दिवशी काय करायचं, काय टाळायचं, तेही लिहा.

न्यूजर्सीकर
पहिली पायरी चार्टर क्रमांक, म्हणजे बँकेच्या सनदेचा क्रमांक. प्रत्येक नॅशनल बँकेला सरकारने क्रमांक दिला होता. १ नंबर फिलाडेल्फियाच्या फर्स्ट नॅशनल बँकेचा, आणि १९३५ पर्यंत आकडा १४ हजारांच्या पुढे गेला. १८७४ च्या कायद्यानंतर तो नोटेवर छापणं सक्तीचं झालं. १९२९ च्या छोट्या नोटेवर तो काळ्या ठळक आकड्यांत डाव्या आणि उजव्या बाजूला उभा असतो.

बँकेच्या नावावर विसंबू नका. 'फर्स्ट नॅशनल बँक' हे नाव हजारो बँकांनी घेतलं. एकाच गावात 'फर्स्ट नॅशनल बँक ऑफ अमुक' बुडाली किंवा पुन्हा उभी केली गेली की नवी बँक 'फर्स्ट नॅशनल बँक इन अमुक' या नावाने यायची, आणि तिचा चार्टर वेगळा असायचा. 'ऑफ' आणि 'इन' एवढ्याच फरकाने किंमत कुठल्या कुठे जाते. स्प्रिंगफील्ड नावाची गावं किती राज्यांत आहेत ते तर मोजूच नका.

शाई_आणि_शिक्का
न्यूजर्सीकरांच्याही आधीची पायरी सांगते: ती नोट खरंच नॅशनल बँक नोट आहे का ते बघा. १९२९ मालिकेत फेडरल रिझर्व्ह बँक नोटाही आहेत. त्यांच्यावरही माथ्यावर 'नॅशनल करन्सी' छापलंय, शिक्का तसाच तपकिरी, चेहरेही तेच. ओळख एवढीच की चार्टर क्रमांकाच्या जागी ए ते एल यांपैकी एक मोठं काळं अक्षर असतं आणि बँक बारा फेडरल रिझर्व्ह बँकांपैकी एक असते. 'नॅशनल करन्सी वाचलं, लॉटरी लागली' असं समजणाऱ्यांच्या नोटा बहुतेक वेळा याच निघतात. त्यांचंही संग्रहमूल्य आहे, पण ते वेगळ्या यादीतलं. गावाचा प्रश्नच तिथे येत नाही.

जुनाबाजार
नोटेवर १८८२ लिहिलेलं असेल तर ती त्याच साली छापली असं धरायचं ना? जितकी जुनी तितकी महाग, हे तरी खरं का?

न्यूजर्सीकर
@जुनाबाजार, दोन्ही नाही. मोठ्या आकाराच्या, म्हणजे १९२९ मालिकेआधीच्या, नोटांवरची 'सिरीज १८८२' ही मालिका. १८८२ मालिका १९२२ पर्यंत चालली, १९०२ मालिका १९२९ पर्यंत. मालिका बँकेच्या सनदेच्या २० वर्षांच्या मुदतीवर ठरायची. १८८१ मध्ये सनद मिळालेली बँक १९०१ पर्यंत १८७५ मालिकेच्याच नोटा काढत राहिली. नोटेवर हाताच्या वळणात छापलेली दुसरी एक तारीख असते, तीही छपाईची नव्हे. ती बँक स्थापन झाल्याशी किंवा सनद वाढवल्याशी जोडलेली.

वयाचं म्हणाल तर न्यूयॉर्कच्या एखाद्या मोठ्या बँकेची १९०२ ची नोट खेड्यातल्या १९२९ च्या नोटेपुढे स्वस्त पडते.

कागदीघोडा
मोठ्या नोटांचे प्रकार एकत्र लिहितो, कारण लिलावाच्या यादीत हेच शब्द येतात.

१८६३ ते १९०२ 'फर्स्ट चार्टर'. यात १ आणि २ डॉलरच्याही नोटा आहेत, त्या १८७९ नंतर बंद झाल्या. २ डॉलरवरचा २ चा आकडा आडवा झोपलेला, म्हणून तिला 'लेझी ड्यूस' म्हणतात. एका तावावर १ च्या तीन आणि २ ची एक अशी छपाई व्हायची, त्यामुळे २ ची मुळातच कमी. ती कितीही फाटकी असली तरी गिऱ्हाईक मिळतं.

१८८२ मालिकेत तीन पोटप्रकार. 'ब्राउन बॅक', म्हणजे मागे तपकिरी नक्षी आणि तिच्या मधोमध मोठ्या आकड्यांत चार्टर क्रमांक. मग 'डेट बॅक', मागे १८८२-१९०८ या तारखा. शेवटी 'व्हॅल्यू बॅक', मागे रक्कम अक्षरांत, आणि तिन्हींत हीच दुर्मीळ. माझ्या मते अख्ख्या अमेरिकी चलनात ब्राउन बॅकइतकी देखणी पाठ दुसरी नाही.

१९०२ मालिकेत आधी 'रेड सील', १९०८ पर्यंतच. मग निळ्या शिक्क्याची डेट बॅक, मग निळ्या शिक्क्याचीच 'प्लेन बॅक', मागे तारखा नसलेली. प्लेन बॅक सगळ्यात जास्त सापडते, रेड सील त्या मानाने फार कमी. ५ वर बेंजामिन हॅरिसन, १० वर मॅकिन्ली, २० वर ह्यू मॅक्युलॉक. हा मॅक्युलॉक म्हणजे या सगळ्या बँकांवर देखरेख करणारा पहिला कंट्रोलर ऑफ द करन्सी.

मोठी नोट साधारण ७.४ × ३.१ इंच, छोटी ६.१ × २.६. पट्टी लावली की निम्मं काम झालं.

माळरान
पण खेड्यातल्या नोटा इतक्या कमी का? छापल्याच कमी की जळल्या-हरवल्या?

शाई_आणि_शिक्का
छापल्याच कमी, आणि त्याचं गणित स्वच्छ आहे. नोटा काढायच्या तर बँकेने सरकारी रोखे वॉशिंग्टनला जमा करायचे. आधी रोख्यांच्या ९० टक्के रकमेच्या नोटा मिळत, १९०० च्या कायद्याने १०० टक्के मिळू लागल्या. त्याच कायद्याने ३,००० पर्यंत वस्तीच्या गावात २५,००० डॉलर भांडवलावर बँक काढायची मुभा दिली. आधी किमान ५०,००० लागत. त्यानंतर खेडोपाडी बँका उगवल्या.

लहान बँकेला भांडवलाच्या निदान चौथ्या हिश्शाचे रोखे ठेवावे लागत. २५,००० चा चौथा हिस्सा ६,२५०. आता १०-१०-१०-२० असा ताव धरा. एक ताव ५० डॉलरचा, म्हणजे १२५ ताव, म्हणजे एका वेळी चलनात फक्त ५०० नोटा! त्या झिजल्या की वॉशिंग्टनच्या रिडेम्प्शन एजन्सीत जाऊन नष्ट व्हायच्या आणि बदली ताव यायचे. पुढे १९३५ मध्ये ज्या रोख्यांवर हे सगळं उभं होतं तेच सरकारने परत घेतले. मग नोटा काढणंच थांबलं, आणि बाहेर होत्या त्या बँकांतून परत जाऊन कमी होत गेल्या. आज एखाद्या गावाच्या दोन-तीनच शिल्लक असतात त्या यामुळे.

बँक बुडाली म्हणून नोट बुडत नसे, मागे रोखे होते. त्यामुळे बुडालेल्या बँकेची नोट लोकांनी आठवण म्हणून मुद्दाम जपली असंही फारसं झालं नाही. चालली तोवर चालवली.

जुनाबाजार
५०० नोटा! आपल्याकडे एका लग्नात यापेक्षा जास्त आहेराची पाकिटं जमतात.

न्यूजर्सीकर
आता दुसरी पायरी, शिल्लक किती. जगात माहीत असलेल्या नॅशनल नोटांची अनुक्रमांकासह नोंद ठेवणारी शिरगणती आहे, 'सेन्सस' म्हणतात तिला. चार्टर क्रमांक टाकला की त्या बँकेच्या मोठ्या किती, छोट्या किती, कुठल्या लिलावात केव्हा आल्या ते दिसतं. सोसायटी ऑफ पेपर मनी कलेक्टर्सच्या बँक-इतिहासाच्या पानांवर बँकेचे अधिकारी, नाव बदलल्याच्या तारखा आणि किती ताव गेले तेही सापडतं.

तिसरी पायरी, त्याच बँकेच्या नोटेची मागची विक्री. विक्रेत्याने मागितलेली किंमत धरू नका, हातोडा पडलेली धरा. त्यावर खरेदीदाराचं प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याने लिलावघराला द्यायची जादा रक्कम असते, मोठ्या लिलावघरांत साधारण २० टक्के किंवा अधिक. काही ठिकाणी आकडा प्रीमियम धरून दाखवतात, काही ठिकाणी सोडून. आणि विकणाऱ्याच्या हाती पडतं ते याहून कमी.

कागदीघोडा
सेन्ससबद्दल सावध करतो. 'सहा माहीत' म्हणजे जगात सहाच आहेत असं नव्हे. ज्यांची नोंद झाली त्या सहा. एखाद्या कुटुंबाने तिजोरीत ठेवलेला गठ्ठा बाहेर आला की दोनाचे बारा होतात आणि भाव एका दिवसात खाली येतो. अख्ख्या बँकेची एकच नोट माहीत आहे म्हणून भरमसाट पैसे मोजताना ही जोखीम धरून चाला.

अक्षरओळख
माझा इथे मतभेद आहे. तुम्ही सगळे दुर्मिळतेवर बोलताय, गिऱ्हाइकावर कोणीच नाही. पेनसिल्व्हेनियात नोटा काढणाऱ्या बँका इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त होत्या. तिथल्या खेड्याच्या चारच नोटा माहीत असतील, पण त्या गावासाठी भांडणारे दोन संग्राहक नसतील तर किंमत चढत नाही. उलट हवाईचं बघा. होनोलुलूच्या १९२९ च्या नोटा चांगल्या संख्येने सापडतात, तरी भाव टिकून आहे, कारण प्रत्येक राज्याची एक नोट जमवणाऱ्याला हवाई लागतेच. अलास्का, नेवाडा, वायोमिंग, ॲरिझोना हे तसेच कठीण. राज्य होण्याआधीच्या 'टेरिटरी' काळातली नोट असेल तर आणखी वर.

राज्य, मग परगणा, मग गाव असा जमवणाऱ्यांचा क्रम असतो. परगण्यातून नोटा काढणारी एकच बँक होती का, हेही तपासा.

न्यूजर्सीकर
@अक्षरओळख, मान्य. लिलावात दोघे अडून बसले तरच विक्रम होतो, आणि त्यातला एक पुढच्या वेळी नसतो. म्हणून एकाच विक्रीवर भाव ठरवू नका.

माळरान
मग नोटेची अवस्था? नाण्यांत तर ग्रेडशिवाय पान हलत नाही.

अक्षरओळख
नेहमीच्या बँकेच्या नोटेला ग्रेड हेच सर्वस्व. बँक ऑफ अमेरिका, चार्टर १३०४४, किंवा न्यूयॉर्कची चेस, चार्टर २३७०, यांच्या नोटा मळक्या कोणी विचारत नाही, कोऱ्या असतील तरच. दुर्मीळ बँकेत उलट. तिथे 'फाइन १२' आणि 'व्हेरी फाइन २५' यांत फरक पडतो, पण नोट मिळणं हीच मुख्य गोष्ट.

ग्रेड ७० पैकी. पीएमजी आणि पीसीजीएस या दोन कंपन्या नोट तपासून प्लास्टिकच्या पाकिटात बंद करतात. कागद मूळ अवस्थेत, न धुतलेला, न दाबलेला असेल तर पीएमजी 'ईपीक्यू' आणि पीसीजीएस 'पीपीक्यू' जोडते. नोट कातरलेली, चिकटवलेली, डाग काढलेली असेल तर शेऱ्यात येतं किंवा 'नेट', म्हणजे दोष धरून उतरवलेला, ग्रेड मिळतो. टाचणीची बारीक भोकं मळलेल्या नोटेत फारशी खुपत नाहीत. कडा कातरून 'सुबक' केलेली नोट मात्र कायमची गेली.

सह्यांकडे बघा. मोठ्या नोटांवर कॅशियर-प्रेसिडेंटच्या सह्या शाईच्या किंवा रबरी शिक्क्याच्या. शिक्क्याची जांभळी शाई बहुतेक वेळा उडून जाते. ठसठशीत लेखणीची सही असेल तर लोक जास्त देतात. उडालेल्या सहीवर कोणी नवी शाई फिरवली असेल तर भिंगाखाली कळतं, आणि ती नोट बिघडवलेली धरली जाते.

पिंपळपान
अनुक्रमांकाचं काय? १ नंबरच्या नोटेला वेगळा भाव असतो ऐकलं.

शाई_आणि_शिक्का
असतो, पण आधी वाचायचा कसा ते. १९२९ मध्ये दोन टाइप. टाइप १ मध्ये सहा नोटांच्या तावाला एकच आकडा, पुढे ए ते एफ अक्षर, शेवटी ए. म्हणजे ए००००१२ए पासून एफ००००१२ए पर्यंत सहा नोटा, सगळ्या बाराव्या तावातल्या. टाइप २ मे १९३३ नंतरचा. त्यात शेवटचं अक्षर नाही, प्रत्येक नोटेला पुढचा आकडा, आणि चार्टर क्रमांक तपकिरी शाईत आणखी दोनदा. एका बँकेचा टाइप १ भरपूर आणि टाइप २ जेमतेम असं वारंवार दिसतं, म्हणून सेन्ससमध्ये दोन्ही वेगवेगळे बघा. १९३३ नंतर सनद मिळालेल्या, १३ हजारांतल्या वरच्या टोकाच्या आणि १४ हजारांच्या चार्टरच्या बऱ्याच बँकांचा टाइप २ एवढाच प्रकार आहे.

जुन्या मोठ्या नोटांवर दोन आकडे: एक ट्रेझरीचा (सरकारी खजिन्याचा), एक बँकेच्या तावाचा. बँकेचा १ असेल तर तो खरा १ नंबर. ट्रेझरीचा आकडा १९२५ मध्ये बंद झाला आणि त्यानंतर दोन्ही जागी बँकेचाच आकडा आला. त्यामुळे दोन्हीकडे सारखा आकडा दिसला म्हणून नोट खोटी समजू नका.

कागदीघोडा
खोट्या नोटांवर बोलू. १९२९ मध्ये बँकेचं नाव, सह्या आणि चार्टर हे सगळं आधी छापलेल्या नोटेवर नंतर काळ्या शाईने उमटवलेलं. फसवणारे साध्या बँकेचं नाव खरवडून दुर्मीळ गावाचं टाकतात. कसं पकडायचं?

पहिलं, खरवडलेल्या जागी कागदाचा पोत बदलतो. दिव्याला तिरकी धरा, त्या पट्ट्यात चमक वेगळी दिसते. दुसरं, काळी छपाई दाबाने झालेली, त्यामुळे मागून बोटाला उठाव लागतो. संगणकाच्या प्रिंटरची सपाट असते. तिसरं, आणि सगळ्यात खात्रीचं, अनुक्रमांक. त्या बँकेला १० डॉलर टाइप १ चे समजा ३१२ तावच गेले, आणि तुमच्या नोटेवर ०००९४० आहे, तर ती त्या बँकेची असूच शकत नाही. चौथं, सह्या. त्या वर्षांत तो कॅशियर खरंच होता का? पाचवं, जुना चिंधीचा कागद अतिनील दिव्याखाली झळकत नाही. झळकला तर नवा कागद किंवा धुलाई.

मोठ्या नोटांसाठी आणखी एक आधार: प्लेटांचे प्रमाणित नमुने वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेत जपलेत. नाव, तारीख, अक्षरांचं वळण त्यांच्याशी ताडून बघता येतं.

माळरान
थोडं अवांतर. आपल्याकडे असं गावाचं नाव नोटेवर कधी होतं का?

अक्षरओळख
होतं. १८६१ च्या कायद्याआधी बँक ऑफ बॉम्बे स्वतःच्या नोटा काढायची. कायद्यानंतर सरकारने नोटा काढल्या, पण मंडळवार. मुंबई, कलकत्ता, मद्रास, आणि त्यांच्याखाली नागपूर, अकोला, कराची अशी मंडळं. नोट हक्काने तिच्या मंडळातच वटायची. १९०३ ते १९११ दरम्यान ५, १०, ५०, १०० च्या नोटा टप्प्याटप्प्याने सगळीकडे चालू लागल्या. ब्रिटिशकालीन नोटेतही मंडळावरून भाव बदलतो तो यामुळे. लोक टपालात चोरी होईल या भीतीने नोट मधोमध कापून अर्धी-अर्धी पाठवत, म्हणून जोडलेल्या अर्ध्या नोटा आढळतात. तिथे जोड हा दोष असला तरी तो काळाचा दस्तऐवजही आहे.

एक सूचना. भारतातली १०० वर्षांहून जुनी नोट ग्रेडिंगसाठी परदेशी पाठवू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ती येते, आणि खासगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता येत नाही.

जुनाबाजार
आणि ७८६ च्या नोटेला लाखो रुपये देतो म्हणणारे, आधी 'नोंदणी फी' मागणारे? रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जाहीर सांगितलं होतं की आम्ही असल्या व्यवहारात नाही, कोणाला फी घ्यायला नेमलेलंही नाही. जुन्या नोटेचा विषय निघाला की हे दर वेळी लिहायला हवं. लोक खरंच पैसे घालवतात.

न्यूजर्सीकर
@जुनाबाजार +१.
अवांतरात माझीही भर: न्यूयॉर्क राज्यात दिल्ली आहे! उच्चार 'डेल्हाय'. तिथली डेलावेअर नॅशनल बँक ऑफ डेल्ही. भारतीय संग्राहकाने एकच नॅशनल नोट घ्यायची तर ही घ्यावी, असं मनापासून वाटतं.

माळरान
डेल्हाय अजून दूर आहे माझ्या खिशाला. :)

पिंपळपान
छान चाललंय, पण माझा अर्धा प्रश्न राहिला. नोट हाती आली, पहिल्या दिवशी काय?

शाई_आणि_शिक्का
काहीच करू नका, हेच पहिलं काम. धुऊ नका, इस्त्री फिरवू नका, खोडरबर लावू नका, चिकटपट्टी तर अजिबात नको. इस्त्रीने तंतू चपटे होतात, छपाईचा उठाव जातो, ईपीक्यूची आशा संपते. आधीच चिकटपट्टी असेल तर ती ओढू नका, कागदाचा थर सोबत येतो. लॅमिनेशन म्हणजे नोटेचा अंत.

पॉलिएस्टरच्या, मायलर म्हणतात त्या, पाकिटात ठेवा. मऊ पीव्हीसीचे अल्बम नकोत, त्यातून चिकट द्रव सुटतो. कोकणात, मुंबईत दमट हवेत पाकीट हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह, आणि पुड्या पावसाळ्यात बदला. कपाटाच्या भिंतीकडच्या बाजूला नको, तिथेच बुरशी धरते. घडी उलगडायची तर एकदाच, हळू. पुन्हा उघड-मीट नको.

कागदीघोडा
ग्रेडिंग सरसकट करू नका. नेहमीच्या बँकेची मळकी १९२९ ची नोट ७०-८० डॉलरची, त्यात ग्रेडिंग, विमा आणि टपाल धरलं तर हाती काही उरत नाही. नोट काही शेकड्यांच्या पुढची असेल, किंवा खरेपणाबद्दल शंका येण्याइतकी दुर्मीळ असेल, तरच पाठवा. विकायची तर दुर्मीळ नोट कागदी चलनाच्या खास लिलावात द्या, आणि यादीच्या शीर्षकात गाव, राज्य, चार्टर, टाइप हे सगळं येतंय का बघा. गाव शोधणारा गावाच्याच नावाने शोधतो.

आणि घाबरून बँकेत भरू नका. ती अजूनही कायदेशीर चलन आहे, १० डॉलर मिळतील आणि नोट जाईल.

पिंपळपान
चौकशी आलेल्या एका नोटेचा तपशील: १९२९, २० डॉलर, टाइप २, 'फर्स्ट नॅशनल बँक इन', चार्टर १३ हजारांच्या वरचा. फोटो मिळालाय, पण मालकाने अनुक्रमांक झाकलाय.

न्यूजर्सीकर
'इन', टाइप २, वरचा चार्टर. तिन्ही गोष्टी चांगल्या दिशेने बोट दाखवतायत. पण अनुक्रमांक झाकू नका म्हणावं. तो दिसल्याने नोटेला काही धोका नाही. तो नसेल तर ती सेन्ससमध्ये आधीपासून आहे की नवीन सापडली ते कळत नाही, आणि ताव किती गेले त्याच्याशी ताडताही येत नाही. पुढचा-मागचा फोटो सपाट ठेवून, फ्लॅशशिवाय, चारही कडा दिसतील असा. चार्टर क्रमांक पूर्ण लिहा, आज रात्री बघून सांगतो.